शेवटचं कडं

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्या पॅसेजमध्ये हे घडलं, तिथल्या फरशीवरचं रक्त मी स्वतःच्या हाताने पुसलंय. "असं कुठे असतं का?" म्हणणाऱ्यांनी इथेच थांबलं तरी माझी काही हरकत नाही.

शनिवारची दुपार. चार वाजून दहा मिनिटं. तिसऱ्या मजल्यावरचं माझ्या मावसबहिणीचं, ताईचं घर. हॉल, स्वयंपाकघर, टोकाला बेडरूम आणि मधे लांबट पॅसेज.

बाहेर लख्ख ऊन होतं. लाईट होते. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. घरात चौघं जण होती...

निदान त्यांना तरी तसंच वाटत होतं.

पुढच्या गुरुवारी ती सगळी समुद्रावर जाणार होती. दोन रात्री, तीन दिवस. पोरांनी समुद्र फक्त चित्रात पाहिलेला. बोका सहा वर्षांचा, टिकली साडेतीनची. त्यांची खरी नावं शाळेच्या दाखल्यापुरती, घरात त्या नावांना कुणी ओ देत नाही.

ताई पाळणाघरात काम करते. रोज वीस पोरं सांभाळते आणि घरी येऊन पुन्हा दोन. त्यामुळे तयारी म्हटलं की तिच्या अंगात येतं. फ्रिजवर यादी. यादीखाली दुसरी यादी, पहिल्या यादीत काय राहिलं त्याची. टोप्या, बादल्या, फावडी, टॉवेल, तापाचं औषध. बेडरूममध्ये दोन बॅगा आठ दिवस आधीच उघड्या पडल्या होत्या.

भाऊजींचं काचा बसवण्याचं काम. स्वभावाने गार माणूस. ते म्हणाले, "अगं, दोन रात्रींसाठी जातोय आपण. बिऱ्हाड नाही हलवत आहोत."

"हसा तुम्ही. लाट काय हाक मारून येते का? एकाला धरेपर्यंत दुसरं जायचं."

"मग काय, बांधून ठेवणारेस पोरांना?"

ताईने यादीत 'दोरी' लिहिली. कारण तिचा बेत अगदी तोच होता.

पाळणाघरात मुलांना बागेत नेताना एक लांब दोरी वापरतात. दोरीला कापडी कडी शिवलेली असतात. प्रत्येक पोराने एक कडं धरायचं. पहिलं कडं ताईच्या हातात, शेवटचं मदतनीस मावशींच्या. निघण्याआधी ताई मागे न बघता विचारते, "शेवटचं कडं?" मावशी मागून दोन हिसके देतात. म्हणजे सगळी आली. मग ताई म्हणते, "चला."

बारा वर्षं रोज हेच. झोपेतसुद्धा चुकणार नाही, असं.

तिथला एक नियम मात्र पक्का. पोराने कडं नुसतं धरायचं, अडकवायचं नाही. पोर पडलं तर हात सुटला पाहिजे.

घरच्या दोरीत ताईने हा नियम मोडला. समुद्राची भीतीच तेवढी होती तिला. तिने करंगळीएवढी जाड दोरी घेतली आणि चार कडी शिवली. प्रत्येक कड्याला जाड पट्टा आणि क्लिप. मनगटाला बसवून आवळायचं. क्लिप अशी, की मोठ्या माणसाच्या बोटांनाही जोर लावावा लागेल.

एक ताईचं, एक टिकलीचं, एक बोक्याचं आणि शेवटचं, मोठं, भाऊजींचं.

त्या शनिवारी तिने रंगीत तालीम घेतली. पॅसेज म्हणजे वाळू, हॉल म्हणजे समुद्र. पोरं नुसती उड्या मारत होती. तिने टिकलीचं मनगट अडकवलं, मग बोक्याचं, मग स्वतःचं. शेवटचं कडं बेडरूमच्या उंबऱ्याच्या आत पडलं होतं.

"अहो, या ना! तुमचं कडं घ्या."

"आलो, आलो. फोनवर आहे," स्वयंपाकघरातून आवाज आला.

ताई हॉलकडे तोंड करून उभी राहिली. मागे टिकली, तिच्यामागे बोका. पोरं खिदळत होती. ती जराशी थांबली आणि तोंडातून सवयीने निघून गेलं...

"शेवटचं कडं?"

दोरीला दोन हिसके बसले.

"चला," ताई म्हणाली.

चार पावलं टाकली. पाचवं पाऊल टाकताना स्वयंपाकघराच्या दारात, तिच्या समोर, भाऊजी येऊन उभे राहिले. फोन कानाला. दुसऱ्या हातात चहाचा कप.



मागचं खिदळणं थांबलं होतं.

ती वळली. टिकली तिच्याकडे बघत होती. बोका मागे बघत होता. त्याच्या पलीकडे दोरी जमिनीवर पडलेली असायला हवी होती...

ती हवेत होती. कमरेच्या उंचीवर, ताठ, सरळ बेडरूमच्या अंधुक फटीत गेलेली.

"बोक्या, हात सोडव," ताई हळूच म्हणाली. "हळू हं, राजा. मी येते."

तिने एक पाऊल टाकलं मात्र...

बोका तोंडावर आपटला. फरशीवर दात आपटल्याचा आवाज ताईने ऐकला. मग तो घसरत गेला, पोटावर, उजवा हात पुढे ताणलेला. त्याच्यामागोमाग टिकली ओढली गेली आणि ताईचा खांदा भिंतीवर इतक्या जोरात आदळला की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

भाऊजींच्या हातातला कप फुटला. ते तिला ओलांडून धावले. बोका दारापाशी पोचला होता, हात कोपरापर्यंत फटीच्या आत. भाऊजींनी त्याला कमरेला मिठी मारली, चौकटीला पाय लावला आणि दुसरा हात क्लिपकडे नेला.

दार मिटलं.

त्यांच्या हातावर.

एकदा नाही. उघडलं आणि पुन्हा मिटलं. पुन्हा. पुन्हा. कुणीतरी रागाने आपटावं तसं. चौथ्या वेळी भाऊजी ओरडले. या माणसाला मी आयुष्यात कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. ताई सांगते, तो आवाज माणसाचा वाटत नव्हता.

पण दुसऱ्या हाताने त्यांनी पोराला सोडलं नाही.

"क्लिप निघत नाहीये! ताण आहे! दोरी सैल सोड!"

सैल कशी सोडणार? ताईने दोन्ही पाय भिंतीला लावले होते. ती हटली असती तर तिघं आत गेली असती. आणि ती जेवढी घट्ट राहिली, तेवढी मधली दोरी ताणली गेली. त्या ताणात होती टिकली. पट्टा तिच्या मनगटात रुतला होता. हात निळा पडला होता. कातडी फाटून रक्त दोरीवर उतरत होतं. पोरीला रडायलाही श्वास पुरत नव्हता. नुसतं तोंड उघडं.

मग तिच्या खांद्यातून आवाज आला. कट्.

चपलांच्या कपाटावर ताईची शिवणाची कात्री होती. पट्टे कापून तिथेच ठेवलेली. तिने मोकळा हात लांबवला. बोटं लागली. पुन्हा लांबवला. कात्री हातात आली.

आता नीट ऐका, कारण या गोष्टीत भुताटकीपेक्षा भयंकर काही असेल तर ते हे आहे.

बोक्याच्या पलीकडे तिचा हात पोचत नव्हता. ती जागा दाराच्या आत होती. ती कापू शकत होती फक्त दोनच ठिकाणी. टिकलीच्या अलीकडे, म्हणजे दोन्ही पोरं जातील. किंवा टिकलीच्या पलीकडे. म्हणजे एक वाचेल.

बोक्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तोंडभर रक्त. त्याला कात्री दिसली.

"आई, नको," तो म्हणाला.

ताईने टिकलीच्या पलीकडे कापलं.

दोरी सुटली तशी ती आणि टिकली पॅसेजमध्ये मागे कोलमडली. दार पूर्ण उघडलं. भाऊजींची मिठी एका झटक्यात सुटली, बोक्याचा शर्ट फाटून त्यांच्या मुठीत राहिला. पोर आत गेलं.

दार बंद.

आणि मग आवाज सुरू झाले.

धप्... डावीकडच्या भिंतीवर.

धप्... उजवीकडच्या.

मग कपाट पडलं. काच फुटली. काहीतरी टराटरा फाटत होतं. पुन्हा धप्. भाऊजी चिरडलेल्या हाताने दारावर धडका मारत होते. ताई दाराची कडी ओढत होती, नखं मोडेपर्यंत.

एक आवाज मात्र येत नव्हता.

बोक्याचा.

मग सगळं शांत झालं. दार आपलं आपण उघडलं. कुरकुरलंसुद्धा नाही.

खोलीत कुणी नव्हतं. खिडकी आतून बंद, बाहेर लोखंडी जाळी, जाळीवर छान ऊन. कपाट पालथं पडलेलं. दोन्ही बॅगांतले कपडे बोटभर रुंदीच्या चिंध्या होऊन खोलीभर पसरलेले. टॉवेल, टोप्या, सगळं.

बोका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. जिवंत. हात दोन ठिकाणी मोडलेला, पुढचे दात गेलेले, डोळे टक्क उघडे. त्याचं कडं मनगटालाच होतं. शेवटचं कडं, भाऊजींच्या जाडजूड मनगटाच्या मापाने शिवलेलं, त्याच्या शेजारी फरशीवर होतं.

त्याची क्लिप लावलेली होती. पट्टा अगदी शेवटच्या भोकापर्यंत आवळलेला. टिकलीचं मनगटसुद्धा त्यात मावलं नसतं.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर भाऊजींना बाजूला घेऊन विचारत होते, "खरं सांगा, पोरांना कुणी मारलं?" त्यांचा संशय भाऊजींवरच होता. मला राग आला, पण डॉक्टरांची तरी काय चूक? एका पोरीचा खांदा निखळलेला, पोराची ती अवस्था, बापाची तीन बोटं चिरडलेली. भाऊजी म्हणाले, "जिन्यावरून पडलो सगळे." दोन दिवस चौकशी झाली. तिसऱ्या दिवशी ती चौघं आमच्या घरी राहायला आली. त्या घरात पुन्हा कुणी झोपलं नाही. सामान आणायलासुद्धा मी आणि माझा नवरा गेलो, आणि तेव्हाच मी ती फरशी पुसली.

समुद्राचं नाव कुणी काढलं नाही.

टिकली महिनाभरात सगळं विसरली. ताई पाळणाघरात परत गेली, पण दोरी हातात धरायला नाही म्हणाली. बोका बोलत नव्हता. म्हणजे जेवू का, झोपू का, एवढंच. आईकडे मात्र नीट बघायचा. ते बघणंच ताईला सोसत नव्हतं. ती मला म्हणायची, "त्याने मला शिव्या द्याव्यात गं. मारावं. असं बघू नये."

सहा आठवड्यांनी त्याचं प्लास्टर निघालं. आम्ही तिघं दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलो होतो. त्याचा हात पांढराफटक आणि काडीसारखा झाला होता. ताईने तो हातात घेतला आणि तिचा बांध फुटला.

"बोक्या, मला दोघांना धरता नाही आलं रे. मी तुला सोडलं. आईला माफ कर."

बोक्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. मोठ्या माणसाने लहान मुलाची समजूत काढावी तसं. मग त्याने आपला हात तिच्या हातातून हळूच काढून घेतला आणि बाकाच्या पलीकडच्या बाजूला, जिथे कुणीच बसलेलं नव्हतं, तिथे नेऊन ठेवला.

"असू दे गं आई," तो म्हणाला. "तू सोडलंस तरी त्याने धरलंय ना."

ताईने माझ्याकडे पाहिलं. कोणी, हे तिनेही विचारलं नाही आणि मीही नाही.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. अजूनही आमची विचारायची हिंमत झालेली नाही.