काढून टाकलेले हुंकार

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं. गेल्या हिवाळ्यात, एका रविवारी संध्याकाळी, तिच्या दोन खोल्यांच्या घरात.

आम्ही तिला ताई म्हणतो. ती एका स्टुडिओत आवाज साफ करते. रेकॉर्डिंगमधला खोकला, पंख्याची घरघर, खुर्चीची करकर, सगळं काढून टाकायचं.

तिची आई, म्हणजे माझी मावशी, मोठी गोष्टीवेल्हाळ. पण ऐकणाऱ्याने हुंकार द्यायलाच हवा. 'हं' आलं नाही की मावशी थांबायची.

"झोपलीस का गं?"

तरी उत्तर नाही आलं, तर अंगावर चादर ओढायची, दिवा मालवायची आणि निघून जायची.

मावशीने अंथरूण धरलं, तेव्हा ताईने तिच्या सगळ्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड करून घेतल्या. मावशी बोलायची, ताई "हं" म्हणायची.

मग मावशी गेली.

ताईच्या भावाचा फोन आला. "मुलांना आजीच्या गोष्टी ऐकवीन म्हणतो. पण तुझं ते हं-हं काढून टाक बाई. कबुतरासारखी घुमतेयस नुसती!"

ताई हसली. तिच्या डाव्या हातचा मळ तो. एकेक हुंकार तिने वेचून काढला आणि भावाला प्रत पाठवली.

त्या रविवारी पलंगावर आडवं होऊन तिने ती प्रत लावली. तिच्याच जन्माची गोष्ट होती.

"तुझे बाबा डॉक्टरांना आणायला धावले. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात माझी..."

आवाज थांबला.

फोन अडकला असेल... पण पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते.

आणि मग...

"झोपलीस का गं?"

हे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये नव्हतंच. आईच्या आजारपणात गोष्टी ऐकताना ताई एकदाही झोपली नव्हती.

"हं," ती कशीबशी म्हणाली.

"...तर त्या चपला बघून डॉक्टर हसतच सुटले."

ताई रडत होती, हसतही होती. ती 'हं' म्हणाली की आई पुढे बोलत होती.

"मग मी तुला पहिल्यांदा हातात घेतलं. आणि..."

आई थांबली.

ताईला हुंदका आवरेना. तिने तोंड उघडलं, पण घशातून आवाजच फुटेना.

"झोपलीस का गं?"

ताईने सगळा जीव एकवटला. नुसता श्वास बाहेर पडला.

फोन गप्प...

मग खोलीत पावलं वाजली. मावशीसारखीच, एक पाय जरा ओढत टाकलेली.

पायथ्याशी घडी घातलेली चादर सावकाश वर आली... गळ्यापर्यंत. कडेने नीट खोचलीसुद्धा गेली.

खट्. दिवा गेला.

पावलं दाराबाहेर गेली.

"आई, मी जागी आहे!" ताई किंचाळली. पण तोवर उशीर झाला होता.

तेव्हापासून मावशीचा आवाज कुठेच नाही. भावाकडच्या प्रतीतही नाही. ताईने मूळ रेकॉर्डिंग उघडलं. त्यात नुसती शांतता... आणि मध्येच तिचं स्वतःचं "हं". पुन्हा शांतता... पुन्हा "हं".

हे कसं झालं, मला विचारू नका. माझ्या आईचंही एक रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. ते लावायचा मला धीर होत नाही.

परवा मी ताईकडे गेलो होतो. ती तेच ऐकत बसली होती. मी आलेलं तिला कळलंही नाही. रेकॉर्डिंगमध्ये "हं" आलं की ती फोनवर वाकायची आणि हळूच म्हणायची,

"जागी आहे गं मी, आई. मला हातात घेतलंस... मग?"