वदादबाईंचं पान

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शाळा लवकर सुटली, मोठाले शब्द मला येत नाहीत. आमच्या मिना बंदरातल्या हौशी वाद्यवृंदात मी मागे उभा राहून नगारे वाजवतो. हे घडलं सुहैलच्या बाबतीत. त्यानं सांगितलं तसं लिहितोय.

सुहैलचं औषधाचं दुकान आहे. वाजवतो चेलो, म्हणजे गुडघ्यांत उभं धरायचं ते थोरलं व्हायोलिन. दोन चेलोवाल्यांत सुरांची पानं ठेवायचा एकच स्टँड असतो. एकानं पान उलटायचं, तेवढ्यात दुसऱ्यानं एकट्यानं सूर धरून ठेवायचा. सुहैलची पानं वदादबाई उलटायच्या. निवृत्त शिक्षिका, जीभ सुरीसारखी, तोंडात कायम बडीशेप. बोट जिभेला लावून पान उलटायचं आणि पुटपुटायचं, "झोपलास का रे गाढवा?" इतकी वर्षं शेजारी बसून सुहैलनं त्यांना कधी उलट उत्तर दिलं नाही.

गेल्या वर्षी भर कार्यक्रमात, सिम्फनीच्या, म्हणजे चार भागांच्या लांबलचक रचनेच्या, शेवटच्या पानाला बोट लावलं आणि बाई कोसळल्या, त्या गेल्याच. संगीत तिथंच तुटलं.

यंदा तीच सिम्फनी घ्यायची, हा हट्ट सुहैलचा.

"अपशकुनी आहे ती," सगळे म्हणाले.

"अर्धी राहिलीय. ती तशी राहू देणार नाही मी."

त्याच्या शेजारी बसायला मात्र कुणी धजेना. बाईंची खुर्ची रिकामीच राहिली.

त्या संध्याकाळी शाळेचं सभागृह गच्च भरलं. बाहेर समुद्र आणि जनरेटरची घरघर. आमचे संचालक नखले, दातांचे डॉक्टर. ताल द्यायची छडी उचलताना त्यांचा हात कापत होता.

"दाढ उपटताना तर हलत नाही हो तुमचा हात!" व्हायोलिनवाली हसली.

"दाढ मेल्यावर परत येत नाही, पोरी," डॉक्टर हळूच म्हणाले.

पहिले तीन भाग निभावले. सुहैल स्वतःच पानं उलटत होता, चार सूर गळत होते. चौथ्या भागात त्यानं हात पुढे केला, तर पान आधीच उलटलेलं. वारा असेल... पुढचंही उलटलं. अगदी वेळेवर. आणि बडीशेपेचा वास आला.

शेवटचं पान मात्र हलेना. कुणीतरी वरून दाबून धरल्यासारखं. त्यानं ओढलं, आणि त्याच क्षणी जनरेटर बंद पडला. मिट्ट काळोख. एकेक वाद्य गप्प होत गेलं. मीही काठ्या खाली केल्या.

रिकामी खुर्ची करकरली. ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. पुढचं फक्त सुहैलनं.

"संपवू नकोस रे... संपलं की मला जावं लागेल..."

गार श्वास कानाला लागत होता.

"नाही, बाई!" तो ओरडला. भिडस्त माणसाचा तो आवाज साऱ्या सभागृहात घुमला. "मध्येच थांबायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. आता ऐका!"

आणि त्यानं पाठ होतं तसं वाजवायला घेतलं. एकटा. मनगटाला कुणी लोंबकळत होतं, म्हणून त्यानं तारांवर गज आणखी रेटला. डॉक्टरांची छडी दिसत नव्हती. मग ते लाकडी मंचावर पाय आपटून ताल देऊ लागले. व्हायोलिनं आली, बासऱ्या आल्या. शेवटचा ठोका मी असा हाणला की हात सकाळपर्यंत ठणकत होते. लोक अंधारातच उठून उभे राहिले.

निघताना सुहैलनं पानं मिटून स्टँडवर ठेवली आणि सभागृहाच्या दाराला कुलूप घातलं.

सकाळी तो सामान आवरायला गेला. कुलूप तसंच होतं. स्टँडवर पानं उघडी होती, सिम्फनीचं पहिलं पान वर. त्याचा कोपरा ओला होता. बाकीची सगळी कोरडी.

सुहैलनं शेजारची खुर्ची जरा जवळ ओढली, चेलो गुडघ्यांत धरला.

"बरं, बाई. पुन्हा. पण आजही शेवटपर्यंत."

तो वाजवू लागला. पान संपत आलं तेव्हा त्यानं हात पुढे केला नाही.