मधलं माणूस

फळी रिकामी होती!

शेगडीवरच्या ज्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, दिवंगत आईने दिलेली वीतभर उंचीची, नाकाचा टवका उडालेली मरियामातेची मूर्ती लग्नापासून उभी होती, तिथे आता धुळीत नुसता एक गोल डाग उरला होता… आणि त्यावर बोट ठेवून सूनबाई वळली.

"बाबा, माझी आई कुठाय?"

सासरे चहा ढवळत होते. धंद्याने ते कुलूपवाले, स्वभावानेही.

"टॉवेलात गुंडाळून बुटांच्या कपाटात ठेवलीय. टॉवेल धुतलेला आहे," ते म्हणाले, जणू यानंतर तक्रारीला जागाच नव्हती. "मरियेचा मान मीही राखतो, सूनबाई. प्रभूला जन्म देणं ही साधी गोष्ट नाही. पण प्रार्थना थेट देवाकडे. मध्यस्थ एकच, ख्रिस्त! या घरात मध्ये दुसरं कुणी नको."

"मी तिची पूजा करत नाही, बाबा! आपण आईला म्हणतो ना, माझ्यासाठी एक शब्द टाक… तेवढंच!"

"का? देव बहिरा आहे का?"

"बाबांना सांग, सकाळी सकाळी वाद नको," नवरा बायकोला म्हणाला. बाबा त्याच्या कोपराला कोपर लावून बसले होते.

लग्नाच्या दिवशी त्याने, प्रोटेस्टंट घरातल्या मुलाने, बायकोच्या कॅथलिक चर्चमध्ये मरियेपुढे मेणबत्ती लावली, तेव्हापासून बापलेकांचा अबोला होता. घर एक, दुकान एक, पाठीला पाठ लावून दोघं किल्ल्या घासायचे. शब्द मात्र सूनबाईमार्फत. "त्या गाढवाला सांग…" "त्या हट्टी म्हाताऱ्याला सांग…" ती गाढव गिळायची, हट्टी म्हातारा गिळायची आणि उरेल ते पोचवायची. बऱ्याचदा उरायचं काहीच नाही.

"सूनबाई, दुकानाची किल्ली त्याला दे." सासऱ्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"मध्ये कुणी नको ना, बाबा? मग मीही नको! आजपासून या घरात सगळं थेट!"

सासरे ताडताड निघून गेले. मुलाने किल्ली पाहिली. पण दिली नव्हती, म्हणून घेतली नाही. तोही गेला. सूनबाईने डोळे पुसले, किल्ली पिशवीत टाकली आणि ती मागोमाग निघाली.

दुकानापुढे गर्दी जमली होती. दोन कुलूपवाले स्वतःच्याच दुकानाबाहेर उकिडवे बसून, एकमेकांकडे न बघता, एकाच कुलपात दोन तारा घालून झटत होते. कुलूप सासऱ्यांनीच बनवलेलं होतं. किल्लीशिवाय कुणाच्या बापाला उघडणार नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. ते खरं निघालं.

"सूनबाई, विचार त्याला, किल्ली कुठाय!"

"तुम्हीच विचारा, बाबा. हे बहिरे आहेत का?"

सासरे मुलाकडे वळले. गंजक्या बिजागरीसारखा आवाज आला, "…किल्ली?"

"दिलीत कुठे?" मुलगा उसळला. "रोज हिच्याकडून विचारता, खोकला कमी झाला का, स्वेटर घातला का… आणि तोंडावर एक शब्द नाही!"

"मी? मी कधी विचारलं? तूच निरोप पाठवतोस ना, बाबांसारखी किल्ली कुणाच्या हातून उतरत नाही म्हणून!"

"मी? असलं मी कशाला म्हणेन?"

दोघं सावकाश सूनबाईकडे वळले. सोबत म्हणून गर्दीही वळली.

"होय, मीच!" तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण मान ताठ होती. "तुम्ही शिव्या द्यायच्या आणि मी त्यांची माया करून पोचवायची! खोटं म्हणा हवं तर… पण यांना खोकला आला की किल्लीवरची तुमची कानस थांबते, बाबा! आणि तुम्ही घासलेली किल्ली हे गुपचूप उजेडात धरून बघत बसतात! तुमच्या तोंडून निघेना, ते मी बोलले. हे बळ कुठून आणलं मी? रोज त्या फळीपाशी उभी राहून म्हणत होते, आई, हे घर फुटू देऊ नको म्हणून तुझ्या लेकाला सांग! याची मी माफी मागणार नाही. ती फळीवर येईल, नाहीतर मी तिच्याशेजारी बुटांच्या कपाटात राहायला जाईन!"

तिने किल्ली सासऱ्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी कुलूप उघडलंच नाही. तडक घरी जाऊन त्यांनी कपाट उघडलं, टॉवेल सोडला आणि मूर्ती बरोबर त्या गोल डागावर ठेवली.

"मी हात जोडणार नाही."

"नका जोडू."

"मेणबत्ती लावणार नाही."

"मी लावीन."

"तिला सांग, सूनबाई… ते बुटांचं कपाट…" ते टॉवेलाची घडी घालत म्हणाले.

"तुम्हीच सांगा, बाबा. थेट."

सासरे बराच वेळ खाकरले. मग मिठाच्या बरणीकडे बघत, पाहुणीला म्हणावं तसं मरियेला म्हणाले, "बसा."

मरिया उभीच राहिली. सासऱ्यांनी त्याच टॉवेलाने डोळे पुसले आणि मागे वळून दारात उभ्या असलेल्या मुलाला विचारलं,

"खोकला… कमी झाला का रे?"