चुलीची खिडकी

घोडपदेवच्या त्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या चौदा नंबरच्या खोलीतून रोज धूर निघायचा आणि रोज कुणालाच त्याचं काही वाटायचं नाही. खाणावळ म्हटली की धूर आलाच. पण त्या सोमवारी मामाला भेटायला आलेल्या एका तरुणाला मात्र वाटलं. आग लागली असं समजून त्याने गॅलरीतली भरलेली बादली उचलली, धावत आत शिरला आणि शेवंतीच्या पेटत्या चुलीवर ती रिकामी केली.

चूल विझली, तव्यावरची भाकरी वाहून गेली, आणि बावीस गिरणीकामगारांचं दुपारचं जेवण जागच्या जागी थांबलं. शेवंतीने कपाळावरचं पाणी पुसलं, हाताचं पीठ झटकलं आणि वर पाहिलं. चष्म्यावर वाफ धरलेला एक उंच माणूस रिकामी बादली छातीशी धरून उभा होता.

"आग... कुठे आहे?" त्याने विचारलं.

"होती," शेवंती म्हणाली. "तुम्ही आत्ताच विझवलीत."

बिचारा कानापर्यंत लाल झाला. मग चाचरत त्याने आपली ओळख सांगितली. नाव राजाराम परब, राहायला दादरला, बी.एस्सी. झालेला. माटुंग्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरी, आणि काम काय, तर कमी लाकडात जास्त आच कशी मिळेल नि धूर कसा टळेल, याचं संशोधन. हे ऐकलं आणि शेवंतीला हसू आवरेना. धुराचा अभ्यास करायला नेमलेल्या माणसाला धूर कुठला नि आग कुठली हे कळू नये, म्हणजे कमालच झाली.

तिची आई सुभद्रा मात्र हसली नाही. "मेल्या, माझी चूल कित्याक इझवलंस?" ती कडाडली. राजाराम माफी मागायला वळला आणि तिचे डोळे पाहून मधेच थांबला. ते डोळे सुजले होते, लाल झाले होते, आणि बोलताना ती त्याच्याकडे नव्हे, त्याच्या शेजारच्या भिंतीकडे बघत होती.

शेवंतीचं हसू तिथेच मावळलं. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं — धूर सोडा, नाहीतर दिवाळीपर्यंत डोळे जातील. धूर सोडायचा म्हणजे खाणावळ बंद करायची. वडील गुणाजी गेल्यापासून दोघी मायलेकी त्या खाणावळीवरच तर उभ्या होत्या. ती बंद झाली की कणकवलीला काकांच्या दारात जाऊन पडायचं, आणि जन्मभर दुसऱ्याच्या चुलीपुढे मान खाली घालून बसायचं. शेवंतीला ते मरणाहून वाईट वाटे. हे सगळं तिने त्या परक्या माणसाला का सांगितलं, कुणास ठाऊक. पण सांगितलं.

त्याने बादली खाली ठेवली. मग म्हणाला, "आम्ही बिनधुराची चूल केलीय. मला आठ दिवस द्या."

रविवारी तो विटा, पत्र्याची नळी आणि मातीचं घमेलं घेऊन हजर. चिखल मळायची त्याला सवय नव्हती. कोपरापर्यंत माखला, चष्म्यावर शिंतोडे उडवून घेतले, आणि हात भरलेले असल्यामुळे आंधळ्यासारखा चाचपडू लागला. शेवंतीने काही न विचारता त्याचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला. मधल्या त्या क्षणात त्याने तिच्याकडे पाहिलं... चष्म्याशिवाय, मिचमिच्या डोळ्यांनी, अगदी जवळून.

"आता दिसतंय?" तिने विचारलं.

"मघाशी जास्त चांगलं दिसत होतं," तो म्हणाला. शेवंती उठून उगाचच पाणी आणायला गेली. हंडा भरलेलाच होता.

चूल तयार झाली. तोंड लाकूड सारण्यापुरतं ठेवून बाकी बंद, वर भांडी ठेवायला दोन वाईल, आणि मागून खिडकीबाहेर गेलेलं धुराडं. पेटवली तेव्हा खोलीत धुराचा मागमूस नव्हता. भात शिजला, आमटी उकळली, सुभद्राबाई पदर डोळ्यांना न लावता बसून राहिल्या. मग शेवंतीने भाकरी टाकली, आणि इथेच घोडं अडलं.

भाकरी फुगेना. पहिल्या दिवशी कामगारांनी थट्टा केली, दुसऱ्या दिवशी मुकाट्याने चावत बसले, आणि तिसऱ्या दिवशी चौघांनी दुसरी खाणावळ धरली. सुभद्राबाईंनी फर्मान सोडलं, फोडा ती चूल. डोळे जायचे तर जाऊ देत, पण गुणाजीच्या घरात चामड्याच्या भाकऱ्या वाढणार नाही.

राजाराम आला तो वही घेऊनच. प्रयोगशाळेत अठरा वेळा चाचणी झाली होती. अकरा मिनिटांत पाणी उकळतं, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला.

"उकळत असेल," शेवंती म्हणाली. "माझे गडी पाणी खायला येत नाहीत."

मग तिने त्याला समोर बसवलं आणि समजावलं. भाकरी तव्यावर अर्धीच होते. मग ती चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यासमोर उभी करावी लागते, तेव्हा फुगते. आणि याने तर चुलीचं तोंडच बंद केलं होतं. राजारामने वाकून ते बंद तोंड पाहिलं. मग वही मिटून म्हणाला, "पंचवीस वर्षं भाकरी खातोय. ती शेवटपर्यंत भाजताना कधी बघितलीच नाही."

शिकलेला माणूस चूक अशी सरळ कबूल करतो, हे शेवंतीला नवीन होतं. तो तिला आवडतो हे तिला त्या क्षणी कळलं, आणि कळल्याचा थोडा रागही आला.

म्हणून की काय, तिने उलथनं उचललं आणि चुलीच्या कडेला भोक पाडायला घेतलं. खिडकी ठेवायची, निखारे तिथे ओढायचे, भाकरी त्यांच्यासमोर उभी करायची! राजारामने झटकन तिचं मनगट धरलं. भोक पाडलं तर धुराड्याची ओढ कमी होईल, धूर खोलीत येईल, असं त्याचं म्हणणं. ती म्हणाली, येऊ दे, मग बुजवू. दोघं हट्टाला पेटली... आणि मनगट त्याच्या हातातच आहे, हे दोघांनाही जरा उशिराच लक्षात आलं. त्याने हात सोडला. घसा खाकरून म्हणाला, "इथे नको. खाली, या अंगाला. हवा आत ओढली जाईल, मग धूर बाहेर यायचा नाही. आणि भोकावर पत्र्याचं झाकण लावू."

खिडकी झाली, पण तिची परीक्षा घेतली ती संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्चाने. गिरण्या बंद, गिरणगाव रस्त्यावर, आणि समितीच्या पोरांनी चाळीत येऊन सांगितलं की बारा वाजेपर्यंत दोनशे भाकऱ्या हव्यात. घराघराने आपापला वाटा उचलला. सुभद्राबाईंनी कुणालाही न विचारता शंभर कबूल केल्या. नेमक्या त्याच सकाळी राजारामचे साहेब हातात घड्याळ घेऊन चूल तपासायला आले.

शेवंती थापत होती, राजाराम लाकडं सारत होता. पहिली भाकरी खिडकीशी उभी राहिली. एक क्षण... दोन... आणि ती टम्म फुगली. दुसरी फुगली, दहावी फुगली. खालून "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे"ची गर्जना येत होती आणि वर भाकऱ्यांची चवड वाढत होती. शंभरावी उतरली तेव्हा बाराला दहा मिनिटं कमी होती. सुभद्राबाईंनी डोळ्यांना बोट लावून पाहिलं. "आज डोळ्यात पाणी इलां नाय," त्या म्हणाल्या, आणि नेमकं तेव्हाच ते आलं.

साहेबांनी लाकडं मोजली. एक तृतीयांश वाचली होती. खूश होऊन त्यांनी वहीत लिहायला घेतलं — सुधारणा, राजाराम परब.

"साहेब, खिडकी माझी नाही," राजाराम म्हणाला. "यांची आहे."

अहवालात फक्त प्रयोगशाळेतल्या माणसांचीच नावं येतात, असं साहेब म्हणाले.

"मग माझंही काढा."

नोकरीला वर्षही न झालेला माणूस साहेबांच्या नजरेला नजर देऊन उभा होता, आणि शेवंतीचा ऊर अभिमानाने भरून आला. साहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा भाकऱ्यांच्या चवडीकडे. मग वही शेवंतीपुढे धरली आणि पूर्ण नाव लिहायला सांगितलं. म्युनिसिपालिटीच्या शाळेत ती चौथीपर्यंत शिकली होती. पिठाचा हात पुसून तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं — शेवंती गुणाजी घाडीगावकर.

टोपल्या मोर्चाकडे गेल्या, साहेब गेले. गॅलरीत दोघंच उरली. राजारामने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "यापुढचे अहवालही मिळूनच लिहावेत असं वाटतं. पण... त्यात आडनाव परब असलं, तर चालेल?"

शेवंतीने कठड्यावरचा हात हलवला नाही. त्याचा हात शेजारीच होता.

"चालेल," ती म्हणाली. "मला तुम्ही आवडता, लपवून काय करू? पण आधी हा अहवाल छापून येऊ दे. माझ्या बाबांचं नाव गिरणीच्या हजेरीच्या मस्टरशिवाय कुठे लागलं नाही. ते एकदा छापील बघायचंय मला. मग आईला विचारा."

दुसऱ्या दिवसापासून राजारामने छापखान्यात असे काही खेटे घातले, की वैतागलेल्या कंपोझिटरने बाकीचा अहवाल बाजूला सारून घाडीगावकरांचं पान सगळ्यात आधी जुळवलं.