मुदतवाढ नाही

"मला उद्या सकाळच्या विमानानं मायदेशी परत जायचंय आणि माझा पासपोर्ट कुणीतरी लांबवलाय," आजी म्हणाल्या, तेही खुर्चीत बसायच्या आधी. उजव्या मनगटाला बँडेज होतं.

मास्तरांनी पाण्याचा पेला पुढे केला. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यापासून ते खासगी तपासाची कामं घेणाऱ्या बाईंसोबत जात. नजरेमुळे बाईंना सगळे 'घार' म्हणत. मास्तरांना अजून कुणी काही म्हटलं नव्हतं.

"उद्याच का?" बाईंनी विचारलं.

"व्हिसा उद्या संपतो. त्यावर अट आहे, इथं राहून मुदत वाढवून मिळणार नाही. जास्त राहिले तर पुन्हा येऊ देतील का? लेकीचं बाळ अजून मानही धरत नाही हो. मला त्याला चालताना बघायचंय."

"आणि हे मनगट?"

"काल बॅगा बांधून उठले आणि बाथरूममध्ये घसरले. रात्री पासपोर्ट पर्समध्ये होता. सकाळी नाही. जावई लगेच पोलिसात तक्रार देऊन आले."

लेकीचं घर वरच्या मजल्यावर होतं. बाळासाठी हीटर धडधडत होता. मास्तरांनी आत शिरताच कोट काढला. पर्स खुंटीलाच होती. आत पैसे होते, सोन्याची साखळीही होती. दाराशी दोन बॅगा दोरीनं आवळून ठेवल्या होत्या. गाठी वेणीसारख्या गुंफलेल्या.

"या कुणाच्या गाठी?" बाईंनी विचारलं.

"माझ्या. वडील मालवाहू बोटीवर होते, त्यांनी शिकवल्या. या घरात कुणाला सुटतही नाहीत, बांधणं तर सोडाच."

लेक जिन्यात वर्तमानपत्रावर कचरा पसरून बसली होती. बाह्यांना चहाचा चोथा लागला होता, डोळे सुजलेले. "सगळं घर उपसलं हो. बॅगा ह्यांनी बघितल्या. आई जाणार म्हटलं की मला..."

मास्तर बाईंच्या कानाशी लागले. "हीच! आईला सोडायचं नाहीये तिला."

बाई बैठकीच्या खोलीकडे वळल्या.

लेकीचा दीर बनियनवर सोफ्यात पसरला होता. "मी चोरू? अहो, वहिनींची आई आल्यापासून माझी खोली गेली. या सोफ्यानं पाठीची वाट लावलीय. मी तर त्यांना विमानतळावर खांद्यावर बसवून नेईन!"

"ऐकलं बरं का!" आतून आजी ओरडल्या.

जावई खिडकीपाशी उभा होता. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली, कपाळावर घाम.

"दोन्ही बॅगा तळापर्यंत उपसल्या," तो म्हणाला. "नाही सापडला. पण यात आईंची काय चूक? आता व्हिसावाल्यांना ती मुदतवाढीची अट काढावीच लागेल. कारण हाताबाहेरचं असलं की काढतात."

"घरात तर सगळे म्हणतात, सासू कधी जाते याची तुम्ही वाट बघताय," बाई म्हणाल्या.

"चहात साखर किती यावरून भांडतो आम्ही. म्हणून काय..."

बाईंनी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं.

"बाहेरचा चोर साखळी सोडून जात नाही. म्हणजे चोर घरातला. दिरांना खोली परत हवीय. आजी अडकल्या तर सोफा त्यांच्याच नशिबी. ते नाहीत. लेकीला आई हवीय, मास्तरांचा संशय तिच्यावरच आहे."

मास्तरांनी मान खाली घातली.

"पण जिनं वस्तू लपवली, ती कुणी बघत नसताना कचऱ्यात हात घालेल? ती खरंच शोधत होती. राहिले जावई. तुम्ही बॅगा तळापर्यंत उपसल्या?"

"हो."

"मग त्या गाठी पुन्हा कुणी बांधल्या? आजींचा हात तर बॅगा बांधल्यानंतर दुखावला. तुम्ही बॅगांना हात लावला नाहीत, कारण पासपोर्ट तिथं नाही हे ठाऊक होतं. अट काढायला काय कारण लागतं याची चौकशी घरात एकट्या तुम्हीच केली. आणि या उकाड्यात, जावईबापू, अंगात जाकीट कशाला?"

चेन सरकल्याचा आवाज झाला. जावयानं आतल्या खिशातून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

"बाळ झाल्यापासून ही रडते," तो बायकोकडे न बघता म्हणाला. "जेवत नाही. आई भरवतात तेवढंच. उद्यापासून मी काय करू? मला काही म्हणजे काही येत नाही."

"पासपोर्ट हरवला तर प्रवासापुरता कागद देऊन धाडतात," बाई म्हणाल्या. "अट काढत नाहीत. आणि खोटी तक्रार उघडी पडली असती, तर आजींना हे दार कायमचं बंद. आधी पोलिसात जा. पासपोर्ट माझ्याकडेच होता, असं सरळ सांगा."

"जातो."

लेकीनं डोळे पुसले. "मीही येते. तिथून डॉक्टरकडे जाऊ. हे रडणं मला आवरत नाही, हे मीच सांगते त्यांना."

 आजी उठल्या आणि त्यांनी पासपोर्ट कमरेला खोचला.

"मी उद्या जाणार. जाते ती परत यायला. तोवर या घरात एका माणसाला तरी सगळं आलं पाहिजे. काढा ते जाकीट."

"आत्ता?"

"पोलीस कुठं पळून जात नाहीत. बाळाच्या अंघोळीची वेळ झालीय. माझा एक हात कामातून गेलाय, तेव्हा तुमचे दोन्ही लागतील. बाह्या सारा वर. पाण्यात आधी कोपर बुडवून बघा. चटका बसतोय?"

"नाही."

"मग घ्या त्याला. मानेखाली हात. घाबरू नका हो, मी आहे अजून उद्यापर्यंत."