आत्याचा दुसरा आवाज

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. पण त्या दुपारी मी आत्याच्या पुढच्या खोलीत होते, आणि जे ऐकलं ते याच कानांनी ऐकलं.

माझी आत्या शिलाईचे क्लास घेते. आवाज असा खणखणीत, की चार मशिनी चालू असल्या तरी शेवटच्या मुलीला ऐकू जायचा. तिचे व्हिडिओही कितीतरी लोक बघायचे.

मग घशाचा कॅन्सर झाला. स्वरयंत्र काढावं लागलं.

डॉक्टरांनी गळ्यात झडप बसवली. तिच्यावर बोट दाबलं की बोलता येतं, पण आवाज घोगरा, फाटका निघतो. आत्याने एकदाच बोलून पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मग मीच तिच्या फोनमध्ये एक ॲप टाकलं. जुन्या व्हिडिओंवरून एआयने तिचा आवाज हुबेहूब उचलला. ती टाइप करायची, फोन बोलायचा. खोटं कशाला सांगू, त्या ॲपने आम्हाला आमची आत्या परत दिली. भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा पुन्हा सुरू झाली!

त्या दुपारी क्लासला सुट्टी होती. आम्ही दोघी कापड बेतत होतो. तिचा फोन खिडकीत पडला होता.

आणि फोन म्हणाला...

"कोण रडतंय गं?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

कुणीच रडत नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ताई होती, आत्याची लेक. हुंदके देत होती. नवऱ्याने हात उचलला होता. बाळाला घेऊन ती निघायच्या बेतात होती.

"आईचा आत्ताच फोन आला होता," ती म्हणाली. "म्हणाली, इकडे येऊ नकोस. तुझं तू निस्तर."

माझ्या हातातली कात्री खाली पडली. आत्या तर सकाळपासून माझ्यासमोर होती!

मी माझा फोन स्पीकरवर टाकला. आत्या खिडकीशी धावली. तिच्या फोनवर भराभर टाइप केलं, मी नाही बोलले.

फोन म्हणाला...

"मीच बोलले."

तिने पुन्हा टाइप केलं, आत्ताच निघ.

"येऊ नकोस."

तोच आवाज. तीच माया. मी झेप घेऊन आत्याचा फोन बंद केला. स्क्रीन काळी झाली.

आवाज थांबला नाही.

"येऊ नकोस, बाळा. लोक काय म्हणतील?"

आत्याचा चेहरा लालबुंद झाला. भीतीने नाही, संतापाने. तिने माझा फोन हिसकावला आणि गळ्यावर बोट दाबलं.

"ये... बाळाला घे आणि ये. घर माझं आहे. लोक गेले उडत!"

ताई दचकली. हा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. "कोण बोलतंय?"

"तिचं ऐकू नकोस!" खिडकीतून तो गोड आवाज किंचाळला. "ती तुझी आई नाही!"



ताई म्हणाली, "जी ये म्हणते, ती माझी आई. निघाले मी."

खिडकीतला फोन गप्प झाला.

अंधार पडायच्या आत ताई बाळाला घेऊन दारात उभी होती.

ॲपवाल्यांना कळवलं. उत्तर आलं, त्या दुपारी तुमच्या खात्यावरून एकही शब्द बोलला गेलेला नाही. ताईच्या फोनमध्येही तो कॉल सापडला नाही. आत्याच्या ओळखीच्या एक बाई तेच ॲप वापरतात, नातवंडांना मजेत गोष्टी सांगतात. त्यांना कधी काही झालं नाही. मग आमच्याकडे काय आलं होतं?

आत्याने फोन बदलला, नंबर बदलला. क्लास आता ती घोगऱ्या आवाजातच घेते. कुणी टकमक बघितलं तर तीही टकमक बघते.

परवा तिचा नवा फोन वाजला. मी उचलून स्पीकरवर टाकला. पलीकडून तिचाच जुना, खणखणीत आवाज आला...

"माझी लेक आहे का घरी?"



आत्याने सावकाश गळ्यावर बोट ठेवलं. "आहे. मीही आहे. हिंमत असेल तर समोर ये."

फोन कट झाला.

तेव्हापासून बेल वाजली की मी आतूनच विचारते, कोण आहे?

आत्या मात्र सरळ दार उघडते.