शेवटची भिंत

मोबाइल ठेवा खाली पोरांनो, आन् आबाचं ऐका. गेम खेळून काय व्हतंय, म्हणता ना? माझ्या साडूचा प्रितम, वडिवळ्याचा, त्याला तर गेम खेळायचाच पगार व्हता. पोरगा खोटं बोलणारा न्हाई. आन् मी तर न्हाईच न्हाई.

लोणावळ्यात तुंगार्लीला एका बंगल्यात त्याचं हापिस. गेम कसला, तर अमेरिकेतला काउबॉय. डोक्यावर टोपी, हातात ही लांब तलवार. ओसाड गावात शिरायचं आन् उठलेल्या मुडद्यांची खांडोळी करायची. प्रितमचं काम निराळंच. त्या काउबॉयला गावातल्या एकेका भिंतीवर आपटत न्यायचं. कुटं भोक राहिलं तर खेळणारा आत जाऊन अडकतो, म्हणून भोक सापडलं की लिहून ठेवायचं. लय किचकट, पण पोरगा चिवट.

अकरा जानेवारी, दोन हजार चोवीस, गुरुवारची रात्र. पावणेदोनला त्याच्या बायकोचा, अनघाचा फोन आला. दिवस भरलेले. शेजाऱ्याच्या जीपनं ती कामशेतच्या दवाखान्यात पोचली व्हती.

"लवकर ये रं. मला लय भ्या वाटतंय."

"निघालोच," प्रितम म्हणला.

निघाला का? न्हाई. एकच भिंत राहिली व्हती आन् सकाळी काम साहेबाच्या हातात द्यायचं व्हतं. दोन मिनिटांचं तर काम, म्हणला. तितंच चुकलं गड्याचं.

त्या भिंतीतनं काउबॉय थेट आत गेला. आत खोली. दार न्हाई, खिडकी न्हाई. कोपऱ्यात एक माणूस पाठमोरा उभा. ना टोपी, ना तलवार. अंगात स्वेटर. अनघानं विणलेला, प्रितमनं त्या घडीला घातलेला, तोच.

गेममधी कुणी दिसलं की कापायचं, ही सवय. प्रितमनं तलवार चालवली. ती त्याच्यातनं आरपार गेली. माणूस हलला. सावकाश भिंतीपाशी गेला, त्याच भोकातनं बाहेर पडला. मागं भोक बुजलं.

प्रितमनं कॉम्प्युटर बंद केला. उठला. दाराकडं गेला.

दार न्हाई.

भिंत. हात फिरवत गेला. कोपरा. भिंत. कोपरा... खिडकी व्हती तितंबी भिंत. धडका मारल्या. खांदा सोलला. वरडला... कोण ऐकणार?

"मग आबा?"

मग फोन लावला. तिकडं उचलला.

"अनघा, मी अडकलोय..."

तिचा आवाज आला. पण बोलत व्हती दुसऱ्याच कुणाशी.

"आलास? किती गार पडलाय रं हात..."

"अनघा... तो मी न्हाई. अनघा..."

तिकडं काहीच न्हाई. नुसता श्वास... तिचा न्हाई.

सकाळी सहाला वॉचमननं बाहेरनं दार ढकललं. व्हतं तितंच दार. प्रितम पळत सुटला, कामशेत गाठलं. पोरगी झाली व्हती. दोघी सुखरूप. लेकीला उराशी धरून हमसून हमसून रडला गडी.

अनघा म्हणली, "रातभर हात धरून बसलास, एक शब्द बोलला न्हाईस. आन् आता रडतोयस व्हय?"

त्यानं तिला अजून सांगितलं न्हाई. तुमीबी सांगू नका.

मूल आडवं आलं व्हतं. ऑपरेशनला उशीर झाला असता तर दोघीतली एकबी हाती लागली नसती, असं डॉक्टरीणबाई म्हणल्या. त्या ऑपरेशनच्या कागदावर नवऱ्याची सही लागती. तो कागद मी सोता बघितलाय. सही प्रितमचीच. बाजूला येळ लिवलेली, दोन वाजून दहा मिनिटं.